त्रेसष्ट चिंचोके

शेवरीचा कोंड, ता. पोलादपूर
१२ मे २०२५

आदरणीय सरांना मैनाचा साष्टांग नमस्कार.

मी पंचाण्णवच्या दहावीतली मैना. पृथ्वीच्या पोटातले थर काढून एकाचं नाव विसरले होते आणि तुम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणाला होतात, "मैनाबाईंची पृथ्वी पोकळ आहे." आता तरी आठवले असेन. गेल्या बाजाराला महाडात तुमच्या शेजारच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, सरांना आता अजिबात ऐकू येत नाही, फोन केलात तरी उपयोग नाही. आमच्या वाडीवर, या कोंडावर, तशीही रेंज नाही, म्हणून हे पत्र.

लग्न होऊन मी इथे डोंगरात आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. इथली अंगणवाडी मी चालवते. घरं अकरा, माणसं बत्तीस, बाकी सगळे मुंबईला. आमचे हे आणि मुलगा दीपेश दोघेही तिकडेच असतात. घरात मी आणि सासूबाई.

सर, आमच्याकडे जमीन हलते. कोयनेचा सदुसष्टचा भूकंप झाला तेव्हापासून इथल्या लोकांना त्याची सवय आहे. ताटावर बसलेलं माणूस घास खाली ठेवत नाही. पण सासूबाईंच्या सासूनं तेव्हा एक पद्धत पाडली आणि सासूबाईंनी, म्हणजे प्रयागबाईंनी, ती पुढे चालवली. नुसतं पायाला कळलं तर मडक्यात एक चिंचोका टाकायचा. फळीवरची भांडी वाजली तर गारगोटी. कौलं सरकली तर फुटक्या कौलाचा तुकडा. दर दसऱ्याला त्या वर्षीचं सगळं एका चिंधीत बांधून ठेवायचं. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, म्हणून दोन वर्षं हे काम माझ्याकडे आहे, आणि यंदा चिंचोके फार झालेत.

त्यातच तहसिलाची नोटीस आली आहे. जूनपासून चार महिने खाली रस्त्यालगतच्या शेडमध्ये राहायला या म्हणतात. दोन हजार एकवीसच्या दरडींनंतर दरवर्षी येते, यंदा तलाठी स्वतः येऊन हातात देऊन गेला. लोकांचं काही ठरत नाही. कुणी म्हणतं, आता मोठा भूकंप होणार. कुणी म्हणतं, बारीक बारीक धक्क्यांनी जमिनीचा जोर निघून जातो, उलट बरंच आहे. सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मैनाच्या सरांना विचारा. ते सांगतील ता खरा."

तेव्हा सर, आम्ही खाली जावं की नाही?

तुमची विद्यार्थिनी,
मैना


महाड
१९ मे २०२५

चि. मैना हिस अनेक आशीर्वाद.

पोकळ पृथ्वी आठवते. तेव्हा तू रडली नव्हतीस, माझ्याकडे रागानं पाहिलं होतंस, म्हणून जास्त आठवते.

तुझ्या पत्रानं मी सोळा वर्षांत पहिल्यांदा शाळेत असल्यासारखा उठून बसलो. कान गेल्यापासून माझ्याशी कुणी विषयाचं बोलत नाही. जेवलात का, गोळी घेतलीत का, एवढंच पाटीवर लिहून दाखवतात.

आता नीट वाच आणि गावाला समजावून सांग. सगळ्या जगात आठच्या वरचा भूकंप वर्षाला सरासरी एखादाच होतो. सात ते आठच्या मधले पंधराएक. सहा ते सातचे शंभर-सव्वाशे. पाच ते सहाचे तेराशेच्या आसपास, आणि चार ते पाचचे दहा-बारा हजार. एक पायरी खाली उतरलं की संख्या साधारण दसपट होते. दोन-तीनचे तर लाखांनी होतात आणि त्यांची बातमीही होत नाही. तेव्हा बारीक धक्के पुष्कळ असणं हा नियम आहे, अपशकुन नव्हे.

मात्र जोर निघून जातो ही समजूत चूक आहे. एक पायरी वर चढलं की ताकद तिसेक पटीनं वाढते आणि संख्या फक्त दहा पटीनं कमी होते. बारीक धक्क्यांनी मोठ्याचा हिशेब कधीच फिटत नाही. त्याचप्रमाणे दहा बारीक झाले म्हणजे आता एका मोठ्याची पाळी आली, असंही नसतं. ही सरासरी आहे, एसटीचं वेळापत्रक नाही.

तहसिलाची नोटीस पावसाची आणि दरडीची असते. तुमच्या धक्क्यांशी तिचा काही संबंध नाही. तिचं काय करायचं ते गावानं ठरवावं. पण धक्के वाढले म्हणून घाबरून घर सोडण्याचं कारण मला दिसत नाही.

प्रयागबाईंना माझा नमस्कार सांग. त्या चिंध्या सोडून मोजशील का? सत्तावन्न वर्षांची अशी नोंद मी कुठल्या घरात ऐकलेली नाही.

तुझा,
रघुवीर सर


शेवरीचा कोंड
४ जून २०२५

आदरणीय सरांना नमस्कार.

तुमचं पत्र मारुतीच्या देवळात मोठ्यानं वाचलं. दसपटीचं कुणाला फारसं कळलं नाही, पण "घर सोडण्याचं कारण दिसत नाही" हे सगळ्यांना कळलं. दरडीच्या नोटिशीचं वाक्य मी दोनदा वाचलं, सर. दुसऱ्यांदा वाचेपर्यंत निम्मी माणसं उठली होती. सासूबाईंनी पत्र मागून घेतलं आणि देवघरात ठेवलं. आता कुणी विषय काढला की सांगतात, "सरांनी लिवून दिलाय. बोललेला वाऱ्यावर जाता, लिवलेला ऱ्हाता."

खालच्या गावातल्या दोघांनी भाताची रोपं करायला जागा देऊ केली होती, म्हणजे खाली राहिलो तरी शेती अडायला नको. ती जागा नको म्हणून कळवलं. नेहमीसारखं वरच रोपांच्या राबात भात टाकलंय. सगळ्यात आधी आमच्या शेजारच्या श्रीपतभाऊजींनी टाकलं. त्यांची बायको उज्वला खाली जायचं म्हणत होती, गाठोडीही बांधली होती तिनं. भाऊजींनी तिला तुमचं पत्र दाखवलं.

मोजून काढलं. तीन दुपारी गेल्या. पहिल्या पंचावन्न वर्षांच्या चिंध्यांत मिळून चिंचोके ५६१, गारगोट्या ५७, कौलाचे तुकडे ६. त्यानंतरच्या एका वर्षाच्या चिंधीत चिंचोके ३४. आणि गेल्या दसऱ्यापासून आजपर्यंत ६३. या शेवटच्या दोन्हींत गारगोटी एकही नाही.

मैना


महाड
११ जून २०२५

चि. मैना,

मी आलेखाचा कागद आणवला, पेन्सिलीला टोक केलं आणि तुझे आकडे मांडले. पाचशे एकसष्ट, सत्तावन्न, सहा. दसपट, दसपट. मैना, तुझ्या आजेसासूला लिहिता येत नव्हतं ना? त्या बाईनं एका मडक्यात तेच धरून ठेवलं जे शिकायला लोक परदेशी जातात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

शेवटच्या दोन वर्षांचं कोडं मी सोडवलं आहे. मोजणारी बदलली. प्रयागबाई थकल्या होत्या, त्यांच्याकडून बारीक धक्के सुटत असणार. तू तरुण आहेस, शिस्तीची आहेस, तुझ्या पायाला जास्त कळतं. नोंद सुधारली की संख्या वाढतेच. माझ्या शिकवण्याचा थोडा वाटा त्यात असावा असं मी स्वतःला सांगतो.

हे सगळं मी एका मासिकासाठी लिहायला घेतलं आहे. गेल्या वर्षातल्या धक्क्यांच्या तारखा टिपल्या असशील तर पाठव. माझी भाची अस्मिता पुण्याला यंत्रावरच्या नोंदींचं काम करते. तिच्याकडून ताडून घेतो, म्हणजे लेखाला वजन येईल.

रघुवीर सर


शेवरीचा कोंड
२० जून २०२५

आदरणीय सर,

तारखा सोबत पाठवते. अंगणवाडीच्या हजेरीवहीच्या मागच्या पानांवर लिहिल्या होत्या. चिंचोके आता सत्तरच्या वर गेलेत, पण यादी तुम्हाला कळवलेल्या त्रेसष्टांचीच आहे.

तरुण म्हणालात, बरं वाटलं. शेहेचाळीस वर्षांची आहे मी. पण सर, सासूबाईंकडून सुटत असतील असं मला वाटत नाही. त्यांचे डोळे गेलेत, पाय नाहीत. उलट मला कळायच्या आधी त्याच सांगतात, "टाक गो एक."

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती. हे बारीक धक्के फक्त वरच्या अंगाच्या सहा घरांना कळतात. देवळाच्या खालच्या पाच घरांना नाही. ते आम्हाला हसतात, म्हणतात वरच्या आळीला कापरं भरलंय. श्रीपतभाऊजींच्या घराचं दार चौकटीत अडकायला लागलंय, दोनदा रंधा मारला तरी तसंच. आणि आमच्या दारच्या खळ्याला आडवी फट पडली होती, ती मी शेणमातीनं लिंपली. महिन्यानं पुन्हा दिसली, पुन्हा लिंपली. भूकंपानं असं होत असेल ना?

तुमच्या लेखात माझं नाव घालू नका. सासूबाईंचं घाला.

मैना


शेवरीचा कोंड, तुमच्याच ओटीवर बसून
८ जुलै २०२५

श्रीमती प्रयागबाई यांस सप्रेम नमस्कार.

सकाळपासून मी तुमच्या गावाला ओरडून सांगतो आहे. मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तेव्हा कदाचित फारच ओरडत असेन. बाकीच्यांनी सामान बांधायला घेतलं आहे. तुम्ही मात्र जागच्या हलत नाही. मैनानं तुमचं म्हणणं मला पाटीवर लिहून दाखवलं. सरांनी लिहून दिलंय ते खरं, आता बोलतात ते पावसात भिजून तापानं बोलतात.

म्हणून लिहून देतो. १९ मे रोजी मी जे लिहून दिलं ते चूक होतं.

तुमचे सत्तावन्न वर्षांचे चिंचोके खरे आहेत. पण गेल्या दोन वर्षांत तुमच्या पायाला जे कळतं आहे तो भूकंप नाही. त्रेसष्टांपैकी फक्त चार पुण्याच्या यंत्रावर आहेत. बाकी एकोणसाठ वेळा फक्त तुमचा डोंगर हलला. तुमच्या घरांमागची माती खाली सरकते आहे, आणि धक्क्यांची सवय असल्यामुळे तुम्ही ते धक्के म्हणून मोजलं. शिकलेला असून मीही तेच केलं. खळ्यातली फट ती सरकण्याची आहे. आज मी तिच्यात हात घातला, मनगट आत गेलं.

प्रयागबाई, हे वाचून दाखवायला मी मैनाला सांगितलं आहे. आधीचा कागद मला परत द्या आणि हा ठेवा. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, तुमच्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा असेन. तुम्ही उठेपर्यंत मी या ओटीवरून उठणार नाही.

रघुवीर


महाड
१६ जुलै २०२५

चि. मैना,

काल वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या. शेवरीच्या कोंडावर दरड, सहा घरं गाडली, एक मृत्यू. माणसं आधीच हलवल्यामुळे मोठी हानी टळली, असंही आहे. मृताचं नाव श्रीपत. मी ते अक्षर अक्षर लावून वाचलं.

आठ तारखेला त्यानंच मला पाठीवर घेऊन ओढा पार करवला होता. खाली उतरवताना काहीतरी बोलला आणि हसला. मला ऐकू आलं नाही. मीही उगाच हसलो.

तू कुणाकडून ऐकण्याआधी मीच तुला सांगतो. अस्मितानं तारखा ताडून यादी पाठवली ती १ जुलैला. त्यात तुझे चारच धक्के जुळत होते. मी तेव्हाच निघायला हवं होतं. मी काय केलं, तर तिलाच उलट लिहिलं, की तुमचं यंत्र बारीक धक्के सोडतं, आमच्या खेड्यातल्या बाईचे पाय जास्त तिखट आहेत. मला माझा लेख वाचवायचा होता. ७ तारखेला तिचं उत्तर आलं. "मामा, यंत्रानं काही सोडलेलं नाही. ती जमीन फक्त त्यांचीच हलते आहे. कुणालातरी डोंगर बघायला पाठवा." मग माझे डोळे उघडले. तुझं वीस जूनचं पत्र पुन्हा काढलं. दार, फट, वरची सहा घरं. तू सगळं लिहिलं होतंस. मी पहिल्यांदा फक्त तारखा पाहिल्या होत्या.

सात दिवस माझ्या अहंकारात गेले. त्या सात दिवसांनी श्रीपतचं काय बिघडलं, हे मी कालपासून स्वतःला विचारतो आहे. माणसं तर नऊ तारखेलाच खाली आली होती ना? मग तो वर का होता? मला खरं कळव. म्हातारा आहे म्हणून मऊ करून लिहू नकोस.

उज्वलाला मी पत्र लिहायला बसलो आणि तीन कागद फाडले. तिला तोंड दाखवायची हिंमत माझ्यात नाही. माझ्या वतीनं तिची क्षमा माग.

रघुवीर


रस्त्यालगतची शेड, पोलादपूर
२१ जुलै २०२५

आदरणीय सरांना नमस्कार.

हे पत्र दीपेशच्या बाबांच्या हाती पाठवते, टपालाला वेळ लागेल. ते मुंबईहून आलेत.

खरं विचारलंत, म्हणून खरं लिहिते. त्या सात दिवसांनी काही झालेलं नाही, सर. तुम्ही एक तारखेला आला असतात तरी श्रीपतभाऊजी चौदा तारखेला वरच असते. कारण रोपं वर होती. मे महिन्यात खालची जागा नको म्हटली आणि भात वरच्या राबात टाकलं, ते तुमच्या पत्रामुळे. चाळीस दिवसांची रोपं काढून लावणी केली नाही तर वर्षाचं भात गेलं. म्हणून खाली आल्यावरही पुरुष माणसं रोज उजाडल्यावर वर जायची, रोपं काढायची आणि दुपारच्या आत परतायची. आम्ही बायका नको म्हणायचो. ते म्हणायचे, दिवसा काय होतंय. सोमवारी पाऊस जोराचा होता, बाकीचे थांबले. भाऊजी म्हणाले दोनच वाफे राहिलेत, आणि एकटे गेले. आठच्या सुमारास आवाज आला. इथे शेडमध्येसुद्धा पायाला कळलं. त्याच दिवशी दुपारी सापडले, राबाच्या बांधापाशी.

देवळात तुमचं पत्र मीच वाचलं होतं. लोक मधेच उठले तेव्हा मी त्यांना बसवून ते वाक्य तिसऱ्यांदा वाचायला हवं होतं. खळ्याची फट दोनदा मीच लिंपली. त्यामुळे तुम्ही एकटेच सगळं घेऊन बसू नका. तुमचं तुमच्याजवळ ठेवा, माझं मला राहू द्या.

आमच्या घराची आता जागाही ओळखू येत नाही. एकतीस माणसं इथे आहोत. सासूबाई तुमचा दुसरा कागद पोलक्यात ठेवतात. पहिला तुम्हाला परत दिला ते बरं केलं, उज्वलाच्या हाती लागला नाही.

तुमच्या वतीनं मी तिची क्षमा मागितली. ती शेडच्या पत्र्याला टेकून बसली होती. मी उठायला लागले तर हात धरून बसवलं. मग जे म्हणाली ते तसंच लिहिते.

"सरांना म्हणावं, माफी मागू नका. हे त्यांना पाठीवर घेऊन आलंते. एवढा आपलेपणाचा माणूस बाराव्याला आला नाय, तर मी कुणाला वाढू?"

बारावं शुक्रवारी आहे. इथे सगळ्यांना एकच चूल आहे, म्हणून पानं साडेबाराला मांडायची ठरलीत. सकाळची पोलादपूरची एसटी धरा, दीपेशचे बाबा स्टँडवर उभे असतील. उज्वलानं सांगितलंय, पहिलं पान सरांचं, तुम्ही बसल्याशिवाय ती कुणालाच वाढणार नाही.

मैना